राळेचं दार

साहेब, तुम्ही खोटं बोललात. सुशोभनाची फीत कापताना, माइकवर, अख्ख्या बंदर आळीसमोर खोटं बोललात. "ही दारं परदेशी कारागिरांनी घडवलेली आहेत," असं म्हणालात आणि तेच वाक्य पितळी पाटीवर कोरून खांबाला ठोकलंत. पाटी ठोकण्याआधी आळीत एका माणसाला तरी विचारलंत का? शीला नाखवा तिथून हाकेच्या अंतरावर होती. तुम्हीच लावलेल्या हिरव्या पत्र्यामागे उभी होती. तेरा वर्षांची पोर, पण तोंड होतं तिला. तिला विचारलं असतंत तरी चाललं असतं.

पुढचं सगळं त्या खोट्यातून झालं. तेव्हा मुलांबरोबर तुम्हीही वाचा.

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. शाळांना सुट्टी, अंगाची काहिली आणि ठाण्याची बंदर आळी नव्या रंगात नटलेली. टेंभी नाका मागे टाकून खाडीकडे उतरायला लागलं की ही आळी लागते. खाडीत गलबतं यायची त्या काळी कोणी मीठ भरायला आला, कोणी लाकूड उतरवायला, कोणी तेलाची घाणी टाकायला; जो आला तो इथेच राहिला. म्हणून पेणकरांच्या ज्यू घराला खेटून आंतोनकाकांचं ख्रिस्ती घर, त्याच्या भिंतीला भिंत लावून प्रधानांचं, पुढे कुलूपवाल्या बोहऱ्याचं. कोणाची गच्ची, कोणाची कौलं, कोणाचा लाकडी सज्जा. एक घर दुसऱ्यासारखं नाही.

या वरच्या ओळीची दारं मात्र सगळी एका हातची. नक्षी वेगवेगळी, कुठे द्राक्षाचा वेल, कुठे क्रूस, कुठे गणपती, कुठे नुसती पानाफुलांची जाळी. पण हात एकच, शीलाच्या खापरपणजोबांचा. धाकू नाखवा होड्या बांधायचा. दार कसं करतात हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याने दारंही होडीसारखीच केली. फळीला फळी जोडायची, सांध्यात कापूस ठासायचा आणि वरून राळ भरायची. त्या दारांतून पावसाचा थेंब आत जात नसे. तेव्हापासून आळीत एक रीत पडली होती. पावसाळ्याआधी होड्या ओढून काठावर घेतल्या की त्यांच्या सांध्यांत नवी राळ भरतात. उरलेली राळ घेऊन नाखवांच्या घरातला माणूस वरच्या ओळीत जायचा, सगळ्या दारांचे सांधे भरायचा. प्रत्येक घरातून त्याला नारळ मिळायचा. ज्यू असो, ख्रिस्ती असो, नारळ ठरलेला.

आणि स्वतःच्या घराला? धाकूने स्वतःच्या घराला साध्या फळ्या ठोकल्या होत्या. दुसऱ्यांची दारं कोरण्यातच त्याचा जन्म गेला. म्हणून तर सुशोभन समितीच्या साहेबांनी खालच्या, कोळ्यांच्या ओळीत पाऊलही टाकलं नाही. या घरांत बघण्यासारखं काही नाही, असं म्हणाले आणि जाळी-टोपल्या फोटोत येऊ नयेत म्हणून समोर हिरवा पत्रा लावून घेतला.

वरच्या ओळीची दारं मात्र चौकटीसकट उचलून पोपटशेठ कंत्राटदाराने पॉलिशला नेली आणि चकचकीत करून परत आणून बसवली. सगळ्यात देखणं दार पेणकरांचं, द्राक्षाच्या वेलाचं. त्या दाराला हात लावून पेणकरांची एस्तेर नव्या फ्रॉकमध्ये उभी राहिली आणि तिचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला.

शीलाने तो फोटो कापून ठेवला. मैत्रीण म्हणून नव्हे. रोज काढून बघायला आणि जळायला.

जळणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने उगाच नाकं मुरडू नयेत. बालवाडीपासूनची मैत्रीण एका फोटोने मोठी होते, रस्त्यावरची माणसं थांबून तिच्या दाराकडे बघतात आणि आपलं घर पत्र्यामागे जातं. तेही कोणाचं दार? आपल्याच खापरपणजोबांनी कोरलेलं! शीला सकाळ-संध्याकाळ पत्र्याच्या फटीतून त्या दाराकडे बघायची. वेलाची पानं पाठ झाली तिला.

"ताई, अशी बघत राहिलीस तर पेटेल ते दार," तिचा धाकटा भाऊ कान्हा म्हणाला.

"पेटू दे."

"मग पुन्हा आपल्यालाच कोरायला लावतील. फुकटात."

महिना सरत आला तशी शीलाच्या बाबांनी, गुणाजीने, होडीचे सांधे भरले. उरलेल्या राळेचा डबा घेऊन तो रीतीप्रमाणे वरच्या ओळीत गेला आणि तसाच परत आला. दारांना आता ही काळी घाण लावायची नाही, असं पोपटशेठच्या माणसाने त्याला सांगितलं होतं. म्हणजे नारळही नाही. गुणाजी डबा कोनाड्यात ठेवून झोपला. पण शीला तरातरा उठली आणि पेणकरांच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. भर दुपार होती, आळीत चिटपाखरू नव्हतं. तिने रागाने दारावर पंजा मारला.

हात चिकटला नाही.

मे महिन्याच्या दुपारी धाकूच्या दाराला हात लावायचा आणि बोटं काळी करून घ्यायची नाहीत, हे कधी झालंच नव्हतं. उन्हाने राळ मऊ पडायची, सांध्यातून डोकं वर काढायची. लहानपणी शीला आणि एस्तेर ती टाचणीने टोकरून काढायच्या, तिच्या गोळ्या वळायच्या आणि दोघींच्या आयांचा मार खायच्या. शीलाने बोटं नाकाशी नेली. पॉलिशचा वास होता, राळेचा नव्हता. तिने सांध्यात नख घातलं. सांधा नव्हताच. फळी एकसंध होती आणि सांध्याच्या जागी नुसती रेघ ओढली होती.

तिने तिथूनच एस्तेरला हाक मारली आणि हे तुमचं दार नाही, कोणीतरी नकली बसवलंय, असं सरळ सांगून टाकलं.

एस्तेर दारात आली. कॉन्व्हेंटमध्ये जायला लागल्यापासून ती रागावली की आवाज बारीक करायची. त्याच आवाजात म्हणाली, "माझा फोटो आला, तुझा नाही आला. त्याला मी काय करू?"

"फोटो खड्ड्यात गेला. दाराचं बोल."

"जळतेस तू, शीला. सगळी आळी म्हणते. पत्र्याच्या फटीत तुझा डोळा दिसतो, माहितीये?"

"हो, जळते. म्हणून तर नीट बघते. तू कधी बघितलंस का तुझ्या दाराकडे?"

दार आपटलं गेलं. नव्या बिजागऱ्या, आवाजही झाला नाही धड. शीला त्यावरही जळली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळीभर झाली. प्रधानकाकू हसल्या, बोहऱ्याने मान हलवली. शीलाची आई रंगूबाई मासळीची पाटी उतरवून घरात शिरली ती पोरीवरच उखडली. लोकांच्या दारात जाऊन तमाशा कशाला करायचा, पोरीची जात आहेस, उद्या तुझ्या शब्दाला कोण किंमत देईल, असं बरंच बोलली. शीलाला ते शेवटचं लागलं. दाराचं काय व्हायचं ते होवो. पण हे खोटं ठरलं तर ती जन्मभर 'जळकी शीला' म्हणून राहणार होती. पुढे कधी खरं बोलली तरी लोक हसणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्यावर टकटक झाली. एस्तेर उभी होती. हातात टाचणी, डोळे लाल.

"नाही निघाली," ती म्हणाली. "सगळीकडे टोचून बघितलं."

शीलाने तिला लगेच आत घेतलं नाही. जरा उभं ठेवलं उन्हात. मग सरकली.

एस्तेरकडे आणखी एक गोष्ट होती. ज्यू लोकांच्या चौकटीला उजव्या हाताला एक पितळी नळी बसवलेली असते, मेझुझा. आत प्रार्थनेचा कागद असतो. घरात शिरताना माणूस तिला हात लावून बोटं ओठांना लावतो. दार पॉलिशला गेलं तेव्हा एस्तेरच्या पप्पांनी नळी काढून कपाटात ठेवली होती. परत लावायला गेले तर खिळ्यांची जुनी भोकं सापडेनात. पुट्टी भरून बुजवली असतील, असं म्हणून त्यांनी नवी पाडली. लाकूड फार कडक लागलं म्हणाले आणि विषय संपला.

"मोठी माणसं," कान्हा म्हणाला. "भोक हरवलं तरी शोधत नाहीत."

पोपटशेठचं गोदाम वागळे इस्टेटमध्ये होतं. टेम्पोच्या पाठीवरच पत्ता आणि फोन नंबर रंगवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बसने निघाली. रंगूबाईने कान्ह्यासाठी ठेवलेलं सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाकरी एका डब्यात भरून बरोबर घेतली होती. हिशेब सरळ होता: कारखान्यात डबा घेऊन येणाऱ्या पोराला कोणी अडवत नाही. एस्तेरने नाकाला रुमाल लावला तेव्हा शीला म्हणाली की बाई, तू बाहेरच थांब, तुझ्या फ्रॉकला वास लागला तर पुढचा फोटो कसा येईल? एस्तेरने रुमाल खिशात कोंबला आणि डबा स्वतःच्या हातात घेतला.

फाटकावर मारुती नावाचा रखवालदार होता. बाबांचा डबा, असं कान्ह्याने सांगितलं. मारुतीने झाकण उघडलं, वास घेतला आणि जरा मला ठेव हं, एवढंच बोलला. तिघं आत.

आत पत्र्याखाली सुतार नव्या लाकडावर वेल कोरत होते. समोर पेणकरांच्या दाराचा मोठा फोटो टांगलेला. त्यांच्यातला एकही मान वर करत नव्हता. त्यांना काम होतं. मागच्या भिंतीला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. शीला त्याच्यामागे शिरली, गोणपाट वर केलं आणि डोळे मिटूनच हात ठेवला.

हात चिकटला.

तेवढ्यात काचेच्या खोलीत फोन वाजला. पोपटशेठ मोठ्याने बोलणारा माणूस. घोडबंदर रोडला कोणी बिल्डर टॉवर बांधत होता, त्याच्या क्लबच्या दर्शनी भिंतीत हे दार बसणार होतं. जुन्या ज्यू घराचं अस्सल दार आहे, असा माल पुन्हा मिळायचा नाही, असं पोपटशेठ रंगवून सांगत होता आणि उद्या दुपारी पोचवतो म्हणून त्याने फोन ठेवला. म्हणजे उद्यापर्यंतच वेळ. एकदा ते भिंतीत चिणलं गेलं की शीलाकडे दाखवायला राळेने काळी झालेली बोटं तेवढी उरणार होती.

ती बोटं तिने घरी येऊन दाखवलीच. गुणाजी म्हणाला, अगं, होडीला हात लावला असशील. एस्तेरचे पप्पा, सॅमसनकाका, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समितीच्या कचेरीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं की मुलांच्या खेळात समितीला वेळ नाही. सॅमसनकाकांनी हे उत्तर जसंच्या तसं मुलांना सांगितलं आणि चष्मा पुसत बसले.

"पप्पा असेच आहेत," एस्तेर गल्लीत येऊन म्हणाली. "चष्मा पुसतात."

"आमचे बाबा झोपतात," शीला म्हणाली.

कान्हा म्हणाला, "मग दारच इकडे बोलवू ना."

ते शीलाला आधी सुचलं नाही म्हणून ती भावावर क्षणभर जळली. मग तिघं नाक्यावरच्या पीसीओत घुसली. एस्तेरने घसा खाकरला आणि तो बारीक, कॉन्व्हेंटचा आवाज काढला, ज्याची शीलाला आजवर चीड होती. क्लबच्या मॅडमची सेक्रेटरी बोलतेय. मॅडम उद्या सकाळी टेंभी नाक्याला नातेवाइकांकडे येणार आहेत, दार बसवण्याआधी त्यांना एकदा उन्हात बघायचंय. टेम्पो नाक्यावर आणा, तिथून पुढे न्या. पोपटशेठने दोनदा 'येस मॅडम' म्हटलं.

फोन ठेवल्यावर शीला एवढंच म्हणाली, "बरा आहे तुझा आवाज. कधीतरी."

रात्री तिने आईला सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज न चढवता. राळेने काळी झालेली बोटं अजून तशीच होती. रंगूबाईने पोरीचा हात दिव्याखाली धरला, बोटांचा वास घेतला. चाळीस पावसाळे नवऱ्याच्या आणि बापाच्या होड्या बघितलेली बाई ती. मुरलेली राळ आणि काल भरलेली राळ तिला नाकाने कळत होती. तिने हात सोडला आणि बाजारातल्या बायकांना निरोप धाडला.

सकाळी टेंभी नाक्यावर टेम्पो थांबला. पोपटशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढे बसलेला. मॅडमची गाडी शोधायला त्याने मान बाहेर काढली, तर समोर रस्त्यावर एक कोळीण पाटी ठेवून बसत होती. त्याने बाजूला हो म्हटलं. मागे बघितलं, तिथेही दोघी बसल्या. मग डाव्या हाताला, मग उजव्या. कोलंबी, बोंबील, निवटे; टेम्पोभोवती बाजारच मांडला बायकांनी.

पोपटशेठ ओरडला की हा काय प्रकार आहे, रस्ता सोडा.

"सोडताव ना," रंगूबाई पाय पसरून बसली. "आधी आमचे पोरीला जलकी बोलतान, ती जलकी का खरी, तवरा बघूंदे."

शीला टेम्पोवर चढली आणि गोणपाट ओढून काढलं. उन्हात द्राक्षाचा वेल उघडा पडला, जुना, काळपट, कडा झिजलेला. माणसं जमली. नाक्यावरचा हवालदार काठी आपटत आला. पोपटशेठने लगेच हसून सांगितलं की हे दार गुजरातेतून आणलेलं आहे, तसली दारं शेकड्याने मिळतात, ही कोळ्यांची मुलगी आहे, तिला आळीतल्या सुशोभनाचा राग आहे.

"आहे राग," शीला म्हणाली. तिने केसांतली पिन काढली आणि फळीच्या सांध्यात घातली. पिनेच्या टोकाला काळी, चकाकणारी राळ आली. "गुजरातेत आमचे बाबा कधी गेले राळ भरायला?"

बायका हसल्या. गुणाजी गर्दीत मागे होता. तो पुढे आला, वाकून सांधा बघितला आणि हवालदाराला म्हणाला की हे माझ्या हातचं काम आहे, गेल्या पावसाळ्याआधीचं. तेवढ्यात सॅमसनकाका टेम्पोपाशी आले. खिशातून पितळी नळी काढली. सकाळीच कोणाला न सांगता काढून आणली होती त्यांनी. चौकटीच्या उजव्या बाजूला त्यांनी ती धरली. नळीच्या जागचं लाकूड कैक वर्षांच्या दाबाने किंचित खोलगट झालेलं होतं. नळी त्यात नीट बसली. खिळे घेतले, तर हातोडीशिवाय, नुसत्या अंगठ्याने जुन्या भोकांत गेले.

सॅमसनकाकांनी बोटं नळीला लावली, ओठांना लावली. चष्मा पुसला नाही.

हवालदाराने पोपटशेठचा दंड धरला. मघाचा हसरा पोपटशेठ एकदम पिवळा पडला आणि म्हणाला, "मला एकट्याला काय धरता? मी एकटा आहे काय यात?" आणि मग त्याने तोंड जे मिटलं ते मिटलंच.

पण गर्दीतल्या एका माणसाने ते ऐकलं होतं. आंतोनकाका वळले आणि भराभरा घराकडे चालायला लागले. बायकोने विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले, टाचणी आणायला. मग प्रधानकाकू निघाल्या. बोहरी दुकान उघडं टाकून पळाला. त्या दुपारी बंदर आळीतली मोठमोठी माणसं आपापल्या दाराला टाचण्या टोचत उभी होती.

एकाही दारातून राळ निघाली नाही. कोणाला दिसलं नव्हतं, कारण आपल्याच दारावर कोणी जळत नाही.

पेणकरांचं दार परत बसलं. सांधे भरायला गुणाजी गेला आणि नारळ घेऊन आला. पत्राही निघाला. पुढच्या रविवारी समितीने आळीत पुन्हा मांडव घातला. आधी हवालदाराला शाल मिळाली, मग सॅमसनकाकांना. मग साहेब मुलांविषयी बोलले. तुम्हाला आठवत असेल, साहेब. अशी मुलं हीच शहराची खरी संपत्ती, असं म्हणालात. एस्तेरच्या हजरजबाबीपणाचं, तिच्या इंग्रजी आवाजाचं फार कौतुक केलंत. कान्ह्याच्या पाठीवर थाप मारलीत. प्रधानकाकूंनी सगळ्यांसमोर कबूल केलं की आम्ही शीलाला हसलो, चुकलं आमचं. आळीने टाळ्या वाजवल्या.

शीलाला कंपासपेटी मिळाली. एस्तेरला मिळाली तीही तशीच होती, पण एस्तेरच्या पेटीचा रंग जास्त छान होता. शीलाने बघितलं आणि जळली. अशा गोष्टी एका समारंभाने जात नाहीत.

प्रकरण मिटलं याचा समितीला आनंद आहे, असं म्हणून साहेब खाली बसणार एवढ्यात तिने माइकला हात घातला.

"साहेब, एक दार आलं. आंतोनकाकांचं कुठाय? प्रधानांचं? कुलूपवाल्या चाचांचं?"

चौकशी चालू आहे, असं साहेब म्हणाले.

"कोण करतंय?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"पोपटशेठ म्हणाला, मी एकटा नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दारं न्यायची परवानगी कोणी दिली? नकली दारं परत आली तेव्हा हात लावून कोणी बघितली?"

साहेब हसून म्हणाले की बाळ, या मोठ्यांच्या गोष्टी आहेत, आपण नंतर बोलू. ते उठले. तेव्हा गुणाजी उठला. आंतोनकाका उठले, बोहरी उठला. रंगूबाई मात्र उठली नाही. ती साहेबांच्या गाडीसमोर पाटी ठेवून खाली बसली आणि तिच्या शेजारी एस्तेर, नव्या फ्रॉकसकट.

शीलाने माइक सोडला नाही.

"नंतर नको, साहेब. आम्ही थांबलोय. आत्ता सांगा, दुसरा कोण?"